शेवटच्या खेपंचं कोरियन गाणं

काल दुपारी हितं बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक ट्रॅक्टर अडकला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, म्होरं बंद गेट, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं कपाटाएवढे दोन स्पीकर. सगळी टिळकवाडी दणाणत हुती. माझ्या खोलीच्या खिडकीची काच, बेसिनवरचा ब्रश, मालकिणबाईंच्या तुळशीजवळची पणती, सगळ्यास्नी थंडी वाजल्यागत कापरं भरलंतं. खालच्या मजल्यावरचे वकीलकाका गॅलरीत येऊन ओरडले, "अरे काय लग्न आहे का कुणाचं?" वकीलकाकांचं मराठी लई शुद्ध. राग आला तरी 'आहे'च म्हणतात. मी खिडकीतनं त्यांच्याच आवाजात ओरडलो, "आहे काका, उसाचं आहे!" आपलाच आवाज वरनं कसा आला म्हणून ते मान वर करून बघेपर्यंत मी खाली बसलोतो.

गेट उघडलं. ट्रॅक्टरनं नाकातनं काळा धूर सोडला, धड धड धड करत गेला, आणि रस्त्यावर उसाची दोन कांडी पडली. शाळेतनं येणाऱ्या पोरांनी ती उचलली आणि पँटला पुसून तितंच सोलायला सुरवात केली.

चला. हंगाम लागला.

निपाणीकडं आमच्या गावात हंगाम कॅलेंडरात येत न्हाय, कानात येतो. पयला कान, मग नाक. कानात स्पीकर आणि नाकात कारखान्याच्या मळीचा वास. पाव्हण्यास्नी तो वास नकोसा वाटतो, रुमाल लावतात. आमास्नी वाटतं कुणीतरी लांब गुळाची कढई ठेवलीया आणि ती जराशी लागलीया. त्यात पेटवलेल्या पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा धूर. सकाळी दार उघडलं की धुकं कुठलं आणि धूर कुठला कळायचं न्हाय, दोन्हीत हात घातला की हात दिसायचा न्हाय. बंबात पाचट घालायचं, ते भस्सकन पेटायचं आणि आई आतनं ओरडायची, "भुवया सांभाळ रं, मागल्या साली अर्धी जाळून घेतलीस!"

माझा धंदा आवाजाचा. खडेबाजारात रिक्षा फिरती बगा, 'सेल, सेल, सेल' म्हणत, त्यात बसून जो बोंबलतोय असं वाटतं तो मी. बसलेला नसतो, पेनड्राईव्हमधी असतो. एकदा मराठीत, एकदा कन्नडमधी. साड्यांच्या दुकानाला गोड आवाज, चपलांच्या दुकानाला घाईचा, आणि दातांच्या डॉक्टरला दिलासा देणारा. शाळेत माझं नाव 'टेप' हुतं. निपाणी स्टँडवरचा महाराष्ट्राचा कंडक्टर "पुढं सरका, पुढं सरका, आत काय भूत बसलंय?" कसं म्हणतो आणि कर्नाटकचा कंडक्टर "मुंदे होग्री, मुंदे होग्री" कसं म्हणतो, हे दोन्ही मी एका दमात करायचो. दोघांची भाषा वेगळी, पण वैताग सेम. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "दुसऱ्याचा आवाज काढून कुणाचं पोट भरलंय व्हय?" आता भरतंय. पण आप्पास्नी ते सांगायचं म्हंजे आप्पांच्याच आवाजात सांगावं लागेल.

तर स्पीकर गेला, आणि मला तो हंगाम आठवला. मी बारावीत, तेजू नववीत.

तेजू माझी धाकटी बहीण. त्या साली तिच्या डोक्यात कोरिया शिरला. गावात कोरिया कुठनं आला, तर आईच्या फोनमधनं. काचंला तडा गेलेला फोन, एकाच कानात वाजणारा हेडफोन, आणि त्यात सात पोरांच्या बँडचा दुसरा अल्बम. सातही जण असं देखणं की काकी पयल्यांदा बघून म्हणाली, "ह्यातल्या पोरी कुठल्या आणि पोरं कुठली गं?" तेजू दोन दिवस काकीशी बोलली न्हाय.

मला म्हणाली, "दादा, तू टेप हाईस न्हवं? मग वाज की."

मी ऐकलं. एका कानानं, कारण दुसरा कान बंद. पयल्यांदा काय कळलं न्हाय. दुसऱ्यांदाबी न्हाय. पण एक सांगतो, न कळण्याला आमच्याकडचं माणूस भीत न्हाय. पयलीत असताना आमी रोज सकाळी हात जोडून, छाती फुगवून कन्नड प्रार्थना म्हणायचो. अर्थ? कुणाला म्हाईत! आमच्या रांगेत सगळी मराठी घरातली, म्होरं उभी असलेली बाई कन्नड, आणि आवाज असा की बाहेर बांधलेल्या म्हशी कान टवकारायच्या. अर्थ चौथीत कळला. तवर गाणं आमचं झालंतं. पलीकडच्या कन्नड शाळंतली पोरं तसंच आमच्या गणपतीच्या आरत्या म्हणायची, टाळ्या आमच्यापेक्षा ठेक्यात. आधी पाठ करायचं, मग आपलं करायचं, आणि समजलं तर समजलं. हे आमास्नी कुणी शिकवलं न्हाय. शीवेवर जन्मलं की आपसूक येतं.

मग काय. अल्बममधलं एकेक गाणं मी तोंडात घोळवलं. जिभंला ते आवाज सुपारीगत कडक लागले आधी, मग मऊ पडले. तेजू समोर बसून चुका काढायची. "ते 'क' न्हाय, 'क' आणि 'ग'च्या मधलं हाय." मी म्हंटलं, "मधलं म्हंजे आपलंच की. आपलं सगळंच मधलं असतंय."

त्या अल्बममधी एक गोष्ट तिला लई आवडायची. बँड सात जणांचा, पण त्यात प्रत्येकाला एकेक गाणं एकट्याचं दिलेलं. बाकीचे सहा गप. त्येला जे म्हणायचं ते त्यानं एकट्यानं म्हणायचं. "बग दादा," ती म्हणायची, "सात जण असून कुणी कुणाच्या म्होरं येत न्हाय. प्रत्येकाला वाट देतात."

आमच्याबी घरात सातच माणसं. आप्पा, आई, काका, काकी, काकीचं बारकं, मी आणि तेजू. कुणाचं काय एकट्याचं हाय, तर आप्पांचा पितळी तांब्या आणि काकांची खुर्ची. आईचं काय हाय म्हणून मी आठवून बघितलं. चमचा सुद्धा न्हवता. नावबी न्हवतं धड. गावात ती 'टेपची आई' न्हायतर 'तेजूची आई'. तिचं नाव सुशीला हे मला माझ्या दाखल्यावर वाचून कळलंतं म्हंटलं तर खोटं न्हाय.

तेजूनं स्वतःला धरून सात पोरी जमवल्या. चार आमच्याच गावातल्या मराठी घरातल्या, दोन शेजारच्या वाडीतनं सायकलवर येणाऱ्या, आणि सातवी मल्लव्वा, कन्नड घरातली, जिला आमी मल्लू म्हणायचो. तालीम आमच्या स्लॅबवर. स्लॅबवर त्या दिवसात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या. पोरी मधल्या रिकाम्या जागेत नाचायच्या आणि गिरकी घेताना हमखास शेंगांत जायच्या. कर्रर्र आवाज यायचा. खालनं आई ओरडायची, "अगं नाचा, पण माझ्या शेंगा फोडू नगासा!" मग थोड्या वेळानं वर येऊन फुटलेल्या शेंगा वेचायची, आणि वेचता वेचता बघत बसायची. सूप मांडीवर, हात शेंगंत, डोळे पोरींच्या पायांवर. मी एकदा बघितलं, तिच्या पायाचा अंगठा ठेका धरत हुता. सगळ्याची नक्कल करायची नसती.

तेजूला त्या अल्बममधलं तिसरं गाणं गॅदरिंगला नाचायचं हुतं. ती एवढी का पेटलीया ते मला उशिरा कळलं. नववीतलं गॅदरिंग शेवटचं. दहावीला अभ्यास, गॅदरिंग बंद. आणि दहावी झाली की आमच्याकडं पोरगी मोठी होती. चुलतबहिणीचं बघितलंतं आमी. शाळंत बक्षीस मिळवलेली पोरगी, नंतर कुणाच्या हळदीत कोपऱ्यात, पदर तोंडात धरून, हळूच दोन टाळ्या. बास. "दादा, मला एकदा सगळ्या गावाम्होरं नाचायचंय," तेजू म्हणाली. "एकदाच. मग दहावीला बसते, बारावीला बसते, कुठंबी बसते."

आमचे हेडसर माणूस चांगले. पण त्यांच्या गॅदरिंगचं गणित तराजूचं. एक मराठी गाणं झालं की एक कन्नड. एक लेझीम झाली की एक डोळ्ळू कुणित, म्हंजे कन्नड ढोलनाच. भाषणात एकदा मराठी म्हण, लगेच कन्नड म्हण. एका पारड्यात जरा जास्त पडलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाटलाच्या कट्ट्यावर बसून मोजलेलं असायचं. तेजू आणि तिच्या सहाजणी हापिसात गेल्या. मी खिडकीबाहेर. हेडसरांनी गाणं ऐकलं, मान डोलावली, चष्मा काढून पुसला.

"छान आहे गं. पण ही भाषा कुठली?"

"कोरियन, सर."

"मग ह्याचं जोडगाणं कुठलं लावू मी? मराठीला कन्नड आहे. ह्याला काय आणू? चिनी?"

"सर, ह्याला जोड नगं. हे एकटंच चालतंय."

"एकटं चालत नाही बाळ. हितं एकटं काहीच चालत नाही." आणि त्यांनी चष्मा घातला. म्हंजे विषय संपला.

घरी आप्पांना कळलं. ते गोठ्यात वाडं तोडत हुते. उसाच्या शेंड्याची हिरवी पानं हो, म्हशी त्यावर जीव टाकतात. वाडं तोडतच म्हणाले, "बरं झालं. चौकात नाचणाऱ्या पोरी न्हाईत आपल्यात." तेजू रडली न्हाय. तिनं नाचासाठी जमवलेल्या सात ओढण्या घडी घालून ट्रंकेत ठेवल्या. मी तिला हसवायला हेडसरांच्या आवाजात म्हंटलं, "ह्याला काय आणू? चिनी?" ती म्हणाली, "दादा, तुला दुसरं काय येतं का रं?"

ते लागलं मला. आवाजाचं काय करायचं असतं हे त्या दिवसापर्यंत मला म्हाईत न्हवतं.

भरमाण्णा आमच्या वाटंवरच्या गावाचा. डोक्याला टॉवेल, हत्यारांच्या पेटीत लोणच्याची बरणी, आणि ट्रॅक्टरवर पंचक्रोशीतले सगळ्यात मोठे स्पीकर. मल्लूचा चुलता. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, म्हशीशी दोन्ही. मला टेपू म्हणायचा. हंगामात आमचा ऊस त्येच्याच ट्रॅक्टरनं कारखान्याला जायचा, आणि कॉलेजला सुट्टी असली की मी बोनेटशेजारी बसून जायचो. कारखान्याच्या अड्ड्यात भर दुपारी ट्रॅक्टरांची ही लांब रांग. नंबर लागंपर्यंत ड्रायव्हर लोक काय करणार? स्पीकरची स्पर्धा. पण सगळ्यांकडं तीच गाणी. इकडनं एक वाजतंय, तिकडनं तेच दोन ओळी मागं वाजतंय. भरमाण्णा वैतागलाता. "टेपू, काहीतरी नवीन आण रं. माझा स्पीकर रडालाय."

मी पेनड्राईव्ह दिला. सबंध अल्बम.

पयलं गाणं लागलं. भरमाण्णानं कान दिला. टॉवेल काढून पुन्हा बांधला. "याव भाषे इदु?" म्हणाला. मग स्वतःच उत्तर दिलं, "तमिळ असंल." शेजारच्या ट्रॅक्टरवरचा कोल्हापूरचा गडी म्हणाला, "ह्या, तेलुगू हाय." तिसरा म्हणाला, "गोव्याकडचं दिसतंय." कुणालाच कळत न्हवतं आणि कुणालाच काय फरक पडत न्हवता. त्या गाण्याच्या तळाला जो ढोल हाय न्हवं, तो स्पीकरमधनं असा निघाला की ट्रॉलीतल्या उसाची पानं उडायला लागली. आजूबाजूचे स्पीकर हळूहळू बंद झाले. भरमाण्णा छाती फुगवून म्हणाला, "मत्तोम्मे हच्चो!" म्हंजे परत लाव. परत लावलं. नंबर लागला तरी परत लावत हुतो, मागच्यांनी शिव्या दिल्या.

तितनं सगळा हंगाम तो अल्बम आमच्या रस्त्यावर फिरला. दिवसातनं दोन खेपा, जाताना आणि येताना. गावातल्या बायका ते ऐकून कुकर लावायच्या. "भरमाण्णा गेला, भात टाका." बारकी पोरं चिंचेखाली गोट्या खेळता खेळता कोरियन म्हणायची. फडात, म्हंजे ऊसतोड चालू असलेल्या शेतात, बीडकडची टोळी हुती. त्यातल्या सिंधूमावशी मोळी बांधताना त्याच चालीवर गुणगुणायच्या, फक्त शब्द त्यांचे स्वतःचे, मुकादमाला दिलेल्या शिव्यांचे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढायच्या तर पाऊल बरोबर ठेक्यावर. फळी लवलवायची, मावशी न्हाय.

आणि एक दिवस सकाळी न्हाणीतनं आवाज आला. पाणी अंगावर ओतायचा आवाज, आणि त्यात, "हं हं हं, धुम. हं हं हं, धुम." आप्पा. तेजू आणि मी चुलीपाशी, एकमेकाकडं बघत. आईनं तोंडाला पदर लावला आणि इतकी हसली की चहा उतू गेला. आप्पा बाहेर आले. "काय झालं?" "काय न्हाय." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेले. पण त्या दिवशी तेजूनं ट्रंक उघडून ओढण्या उन्हात घातल्या.

आमच्याकडं उसाची शेवटची खेप म्हंजे सणच. सगळ्या गावातला ऊस तोडून झाला की टोळीचा मुक्काम हलतो, आणि त्या शेवटच्या ट्रॉलीला सजवतात. केळीचे खुंट, फुगे, टोळीतल्या बायकांच्या ठेवणीतल्या साड्यांचे पडदे. ट्रॅक्टर फडातनं निघून गावातनं हमरस्त्यापर्यंत जातो आणि म्होरं गुलाल. टोळीतले गडी नाचतात, टोळीतल्या बायका नाचतात, सहा महिने कोयता धरलेले हात वर जातात. गावातले पुरुष नाचतात. गावातल्या बायकापोरी? उंबऱ्यात. रीतच तशी. आणि दुसरी रीत अशी, की ज्याच्या फडातली शेवटची खेप, त्यानं नारळ फोडायचा आणि पयलं गाणं सांगायचं. तो सांगंल ते वाजल्याबगर ट्रॅक्टर हलत न्हाय.

त्या साली शेवटचा फड आमचा.

ट्रॅक्टर मारुतीच्या देवळाम्होरं उभा. ऊन कलतीला आलेलं, पिवळं, त्यात गुलाल उडालेला. सगळं गाव जमलेलं. हेडसरसुद्धा, पांढऱ्या शर्टावर गुलाल पडू नये म्हणून छत्री उघडून. आप्पांनी नारळ फोडला. पाणी चाकावर ओतलं. भरमाण्णानं मान बाहेर काढली. "हं, आप्पा, कुठलं लावू?"

आप्पा माणूस शांत. त्यांना गाणी म्हाईत कुठली? दरवर्षी ज्याचा नंबर असायचा तो एक ठराविक गाणं सांगायचा. आप्पांनी तोंड उघडलं. आणि माझ्या हातात माईक हुता. भरमाण्णाच्या स्पीकरचा, 'पुढं सरका' म्हणायला दिलेला. तेजू देवळासमोरच्या आमच्या उंबऱ्यात उभी. मल्लू ट्रॉलीच्या मागं. बाकीच्या पाचजणी आपापल्या आयांच्या पाठीमागं. सगळ्यांच्या कमरंला ओढण्या. म्हंजे आमास्नी कुणाला न सांगता सगळ्या तयारीत आलत्या.

मी माईक वर केला. आणि हेडसरांचा आवाज काढला.

"आदरणीय व्यासपीठ, आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो. यानंतरचा कार्यक्रम. इयत्ता नववीच्या सात विद्यार्थिनी सादर करीत आहेत... एक समूहनृत्य. भाषा विचारू नये. जोडगाणं मागू नये."

मग हशा फुटला. सिंधूमावशी तर ट्रॉलीला धरून हसल्या. सगळे वळून हेडसरांकडं बघायला लागले. हेडसरांनी छत्री मिटली. मला वाटलं, संपलं. ती छत्री आता माझ्या पाठीत. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "मी असा बोलतो?"

"व्हय सर!" सबंध शाळा एका सुरात.

हसू हळूहळू खाली बसलं. आणि आप्पांचा आवाज आला. मोठा न्हाय, पण आला.

"टेप, बास कर आता."

मी माईक खाली घेतला. तेजूनं मान खाली घातली. उंबऱ्यावरचा तिचा पाय आत गेलेला मी बघितला.

आप्पा भरमाण्णाकडं वळले. "ते लाव. तिसरं हाय बघ तुझ्यात, ज्याला लई धुमधुम हाय." मग उंबऱ्याकडं न बघताच म्हणाले, "पोरी कवापासनं थांबल्यात."

त्यानंतरचं मला सरळ आठवत न्हाय. तुकडे आठवतात. पयला ढोल पडला आणि देवळाच्या शिखरावरची पारवी एकदम उडाली. सिंधूमावशींनी गर्दीत कोपरं मारून जागा केली, "सरका, सरका, लेकरांस्नी वाट द्या!" सात पोरी धावत आल्या, एकीच्या पायात चप्पल, एकीच्या पायात न्हाय. मातीत नाचत हुत्या तरी माझ्या कानात शेंगा फुटल्याचा आवाज येत हुता. तालमीत त्यांनी अल्बमसारखंच बसवलंतं. सहाजणी मागं, एक म्होरं. मग ती मागं, दुसरी म्होरं. मल्लू म्होरं आली तवा भरमाण्णानं एवढा लांब हॉर्न दिला की गाण्याचा एक अंतरा त्यातच गेला. तेजू शेवटी आली. गुलालानं केस लाल, दात पांढरे, आणि हात असे वर की जणू स्लॅबवरनं कारखान्याची चिमणी धरायचीया. सगळ्या गावाम्होरं. एकटी. हेडसर छत्री बगलेत धरून टाळ्या देत हुते.

आणि तिची पाळी संपायच्या आत तेजू वळली, उंबऱ्यापाशी गेली, आणि आईचा हात धरून ओढला.

आई "अगं अगं" म्हणत आली. पिठाचा हात तसाच. मध्यभागी आल्यावर उभी राहिली. मला वाटलं पळती आता. पण ठेका आला, आणि आईनं दोन पावलं टाकली. दोनच. बरोबर. अंगठा आधी, मग टाच, जसं शेंगा निवडताना मी बघितलंतं तसं. टोळीतल्या बायकांनी आरोळी ठोकली. काकीनं शिट्टी मारली. काकीला शिट्टी येती हे काकांनाबी त्या दिवशी कळलं. आई तोंड झाकून आत पळाली, आणि मी बघितलं, आप्पा ट्रॉलीच्या चाकाकडं बघत हुते. चाकात काय न्हवतं. पण ते हसत हुते.

गाणं संपल्यावर हेडसर माईकपाशी आले. मी माईक मागं लपवला. ते म्हणाले, "आता एक कन्नड लावा. आणि मग एक मराठी. तराजू बिघडला नाही पाहिजे." पण पुढच्या साली गॅदरिंगला तिसऱ्या भाषेचा एक आयटम आला तो आलाच. ऐकलं, हेडसर त्येला जोडगाणं म्हणून जपानी शोधत हुते.

तेजूनं दहावी दिली, बारावी दिली, आता ती हितंच बेळगावात नर्सिंग करती. तिला वाटलंतं ते एकदाच असंल. एकदाच न्हाय झालं. पुढच्या साली ज्यांचा शेवटचा फड, ते आजोबा, ज्यांना कोरिया कुठं हाय हे विचारलं तर "पुण्याच्या पलीकडं असंल" म्हणाले असते, त्यांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "ते धुमधुमवालं." आता आमच्या गावात ते गाणं वाजल्याबगर शेवटची खेप हलत न्हाय. पोरी नाचतात. प्रत्येकीची पाळी येती. पाळी आली की मी माईकवर नाव पुकारतो, कधी हेडसरांच्या आवाजात, कधी कंडक्टरच्या. टोळी बदलती, ड्रायव्हर बदलतो, गाणं त्येच. अर्थ अजून कुणाला म्हाईत न्हाय. तेजूला म्हाईत हाय म्हणं. आमी विचारलं न्हाय.

ट्रॅक्टर गेला आणि संध्याकाळी आईचा फोन आला. काचंला तडा गेलेलाच फोन, बदलत न्हाय ती.

"खेपंला येणार न्हवं?"

"येणार की. यंदा कुणाचा फड?"

"कुणाचाबी असूदे. गाणं आपलंच." मागं बंबाचा आवाज, आप्पांचं खोकणं. "ऐक. यंदा मी उभी राहणार हाय. दोन पावलांवर न्हाय. सबंध अंतराभर. काकीबी हाय. स्लॅबवर तालीम चाललीया."

"शेंगा?"

"शेंगा गेल्या खड्ड्यात." आणि मग, "तू नाव पुकारतोस न्हवं सगळ्यांची? माझं पुकार. पण तेजूची आई म्हणू नगंस. टेपची आईबी नगं. सुशीला म्हण. नुसतं सुशीला."

मी माझा धंदा काढला. "कुणाच्या आवाजात पुकारू? हेडसरांच्या? का निपाणीच्या कंडक्टरच्या?"

"तुझ्याच पुकार की रं. तुझा आवाज काय वाईट न्हाय."

फोन ठेवला. खिडकी लावून घेतली, आणि खोलीत उभा राहून पुकारून बघितलं. पयल्यांदा रिक्षातला सेल लागल्यागत आलं. दुसऱ्यांदा दातांचा डॉक्टर. तिसऱ्यांदा खालनं वकीलकाका ओरडले, "अरे कोण ही सुशीला?"

"माझी आई आहे काका!" मी ओरडलो. आणि ह्यावेळी खाली बसलो न्हाय.